आवाज नेमका कुठं अडतो?

तामलवाडीतल्या एखाद्या घरात मुलगा कॉम्प्युटरवर गेम खेळत असतो, हेडफोनचा आवाज बिघडतो आणि नव्या हेडफोनसाठी सोलापूरला जायचं ठरतं. त्याआधी तोच हेडफोन दुसऱ्या एखाद्या मोबाइलला लावून पाहा. तिथं नीट वाजला, तर पैसे खर्च करू नका. दोष कॉम्प्युटरकडे आहे.

सगळ्यांत फसवी तक्रार अशी असते : गेममधलं संगीत ऐकू येतं, पण माणसांचं बोलणं गायब. याचं मूळ बहुधा पिनेत सापडतं. डाव्या आणि उजव्या कानाकडे आवाज नेणाऱ्या तारा वेगवेगळ्या असतात, परतीचा संपर्क मात्र दोन्ही कानांचा एकच. तो तुटला किंवा पिन अर्धवट बसली, की दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज खोडला जातो आणि दोहोंतला फरक तेवढा उरतो. संवाद बहुतेक वेळा दोन्हीकडे सारखेच भरलेले असतात, म्हणून नेमके तेच जातात. पिन पूर्ण आत दाबा. आवाज मात्र वाढवत नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांसाठी आठवड्याला 40 तास, तेही 75 डेसिबलपर्यंतच, अशी मर्यादा सांगितली आहे. गेलेली श्रवणशक्ती दुकानात मिळत नाही.

ब्लूटूथ हेडफोनची गोष्ट वेगळी. त्याचा माइक सुरू झाला, की बहुतेक हेडफोन स्टिरिओ सोडून फोनसारख्या चपट्या आवाजावर येतात. मग शत्रूची पावलं डावीकडून वाजली की उजवीकडून, हे कळणार कसं? सेटिंगमध्ये जाऊन माइक लॅपटॉपचाच निवडा. मित्रांशी बोलताना गेमचा आवाज एकदम बसत असेल, तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'कम्युनिकेशन्स' पाहा. तिथं इतर आवाज 80 टक्के कमी करण्याची सोय असते. ती बंद करा.

आणि कानात सतत घूं-घूं होत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. बॅटरीवर घरघर थांबली, तर संशय चार्जरवर किंवा घराच्या अर्थिंगवर घ्या. काही जण अशा वेळी प्लगची तिसरी पिनच काढून टाकतात. कृपा करून तसं करू नका, ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. उन्हाळ्यात जमीन सुकली, की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. वायरमनकडून तो तपासून घ्या आणि त्यात पाणी घालत राहा.