संगीतसूर्य केशवराव : भूमिकेची जबाबदारी

(अर्धापूर येथील तरुण नाट्यप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



अर्धापूर म्हटले की डोळ्यांसमोर उभ्या राहतात त्या केळीच्या बागा आणि केशवराजाचे प्राचीन मंदिर. त्या केशवराजाच्या गावात आज स्मरण करायचे आहे ते मराठी रंगभूमीवरील एका केशवाचे, संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे. अवघे एकतीस वर्षांचे आयुष्य. त्यातली पंचवीसेक वर्षे रंगमंचावर गेली. आजच्या तरुण नटाने त्यांचे चरित्र केवळ कौतुकासाठी नव्हे, तर स्वतःला काही प्रश्न विचारण्यासाठी वाचावे.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. घरची परिस्थिती अशी की, ज्या वयात मुले पाटी-दप्तर घेऊन शाळेत जातात, त्या वयात हा मुलगा पोटासाठी जनुभाऊ निमकर यांच्या ‘स्वदेश हितचिंतक’ नाटक मंडळीत दाखल झाला. शाळेचे शिक्षण नाही, घराण्याचा वारसा नाही, पाठीशी कोणी मोठा माणूस नाही. जवळ होते ते फक्त ईश्वरदत्त गळा आणि अपार मेहनत.

कंपनीत ‘संगीत शारदा’चे प्रयोग होत. देवलांच्या या नाटकातील शारदेची भूमिका वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास केशवरावांकडे आली आणि महाराष्ट्राला हा मुलगा ठाऊक झाला. येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. शारदा म्हणजे पैशाच्या लोभाने बापाने जख्ख म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला काढलेली कोवळी मुलगी. ते दुःख एक कोवळा मुलगाच रंगमंचावर मांडत होता. नाटक संपल्यावर प्रेक्षक घरी जात, ते केवळ पदे गुणगुणत नव्हे, तर आपल्या घरातील मुलीकडे निराळ्या नजरेने पाहत. मराठवाड्यातील बालविवाहाचा प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेला नाही. दुष्काळ पडला, ऊसतोडीला जाण्याची वेळ आली की मुलीचे हात लवकर पिवळे करण्याची घाई होते. म्हणजे शारदा अजून जुनी झालेली नाही. ती भूमिका आज कोण करणार आणि कोणत्या गावात करणार, हा प्रश्न येथे बसलेल्या तरुणांसाठी आहे.

पुढे मालकांशी न पटल्याने केशवराव बाहेर पडले. पदरी पैसा नव्हता. पण १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची संस्था उभी केली. तेव्हा त्यांचे वय होते अवघे सतरा! एखाद्या नटाने आपली कंपनी काढणे त्या काळी नवे नव्हते. परंतु संस्थेच्या नावातच ‘आदर्श’ हा शब्द ठेवून तो निभावणे, हे सोपे नव्हते.

त्यांनी निवडलेली नाटके पाहिली म्हणजे त्यांची कलादृष्टी लक्षात येते. अमरावतीचे स्वातंत्र्यसैनिक वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ १९१३ साली रंगभूमीवर आले आणि त्यातील मृणालिनी केशवरावांनी गाजवली. १९१६ साली मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ त्यांनी घेतले; विषय हुंड्याचा. पुढे वरेरकरांचेच ‘संन्याशाचा संसार’ आले. विषय धर्मांतराचा व शुद्धीचा. पौराणिक संगीत नाटकांवर गल्ला सहज भरत असताना नव्या नाटककाराचे, समाजाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारे नाटक घेणे ही मालक म्हणून केवढी जोखीम होती! नेपथ्याबाबतही ते तितकेच काटेकोर असत. मराठी रंगभूमीवर मखमली पडदा आणल्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. रंगमंच म्हणजे देवघर, तेथे काही ओबडधोबड असता कामा नये, हा संस्कार त्यामागे होता.

पण त्यांच्या थोरवीची खरी कसोटी लागली ती १९२१ साली. लोकमान्यांच्या स्मरणार्थ टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर निधी जमत होता. त्या काळी मराठी रसिकांचे दोन पक्ष होते : एक बालगंधर्वांचा, दुसरा केशवरावांचा. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे हे दोन मालक फंडासाठी एकत्र आले आणि ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव! त्या एका रात्रीत सोळा हजारांहून अधिक रुपये जमले. त्या काळच्या रुपयाचे मोल ध्यानात घेतले म्हणजे ही रक्कम किती मोठी होती, ते कळेल.

नाटकाचे नाव ‘मानापमान’. आणि दोघांनीही आपापला मानापमान त्या रात्री पडद्यामागे ठेवला. कोणाची टाळी मोठी, कोणाचा ‘वन्समोअर’ जास्त, याचा हिशेब रसिकांनी खुशाल मांडला असेल. नटांनी तो देशकार्याआड येऊ दिला नाही. आज गावोगाव दोन नाट्यसंस्था असल्या की त्यांची तोंडे दोन दिशांना असतात. त्यांनी ही एक रात्र आठवावी.

त्यानंतर तीन महिनेही लोटले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले. सूर्य माध्यान्हीच मावळला. परंतु संस्था मावळली नाही. बापूराव पेंढारकरांनी आणि पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी ‘ललितकलादर्श’ची धुरा वाहिली. मोठा नट आपल्यामागे आठवणी ठेवून जातो. ध्येयवादी नट काम ठेवून जातो.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येलाच, ते नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. वास्तूची पुनर्बांधणी होते, व्हायलाच हवी. पण केशवरावांनी उभी केलेली खरी वास्तू दगड-लाकडाची नव्हती, ती निष्ठेची होती. तिला आग लागत नाही, मात्र विसर पडू शकतो.

नांदेड केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या येथील तरुणांकडे मोठे नेपथ्य नसेल, मुंबई-पुण्याची ओळख नसेल. केशवरावांकडे तरी काय होते? भूमिका हाती आली की, ‘हिच्यात माझे किती?’ असे न विचारता, ‘हिच्यात माझ्या समाजाचे किती?’ असे विचारावे. या एका प्रश्नाने अर्धापूरच्या पारावरचे नाटकही मोठे होईल.