शिवारात टिकेल असा कॅमेरा

आज बोलू या कॅमेऱ्याबद्दल. तुम्ही म्हणाल, मोबाईल असताना कॅमेरा कशाला? आम्हीही तेच म्हणायचो. पण मोबाईल एकीचा असतो, तिच्याबरोबर माहेरी जातो. गटाच्या कामाचे फोटो गटाच्याच कपाटात हवेत.

पहिला कॅमेरा आम्ही मेगापिक्सेलचा मोठा आकडा पाहून घेतला. दोन महिने खपून नाल्यावर दगडी बांध घातला. पहिल्या पावसात पाणी अडलं, तशा फोटो काढायला धावलो. भुरभुर पावसात कॅमेरा भिजला आणि बंदच पडला. ग्रामसभेत कोरड्या नाल्याचे फोटो होते, अडलेल्या पाण्याचा एकही नव्हता. होते त्यांवर तारीखही चुकीची. मान खाली घालून परत आलो.

दुसऱ्या वेळी चौकशी करून गेलो. आधी आयपी नंबर पाहिला. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास निभावतं.

मेगापिक्सेलला भुलू नका. ४ बाय ६ इंचांचा फोटो छापायला सव्वादोन मेगापिक्सेलही पुरतात. ऑलिम्पसचा टफ टीजी-६ हा २०१९ सालचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचाच, पण कंपनीच्या सांगण्यानुसार १५ मीटर खोल पाण्यात चालतो. असे कॅमेरे महाग पडतात. झेपत नसेल तर साधा घ्या, पण पावसात एकीने छत्री धरायचीच.

झूम विचारताना ‘ऑप्टिकल किती?’ असं विचारा. डिजिटल झूम नुसता फोटो ताणतो, मग चेहरे फुटतात. कॅमेरा दुकानाबाहेर उन्हात नेऊन पडदा दिसतो का बघा. जादा बॅटरी मिळते का, तेही विचारा.

घरी आल्यावर सगळ्यात आधी तारीख-वेळ लावा. पाण्यात चालणारा कॅमेरा चिखलाने भरला तर दार घट्ट लावून साध्या पाण्याने धुवा, पुसून वाळवा, मगच दार उघडा. दाराच्या रबरात वाळूचा एक कण अडकला तरी पाणी आत शिरतं.

यंदा बांध भरला तेव्हा आम्ही भर पावसात फोटो काढले. तारखेसकट ते ग्रामसभेत फिरले, आणि या वेळी आम्हाला काही सांगावंच लागलं नाही.