गळ टाकण्यापूर्वीं

आपल्यांतील अनेक घरांचीं मुलें आज अमेरिकेच्या पश्चिम भागांत, सिॲटल किंवा पोर्टलंड येथें, नोकरीधंद्यानिमित्त स्थायिक झालीं आहेत. उन्हाळ्यांत येथून आजी-आजोबा तिकडे जातात, नातवंडांच्या शाळांना सुटी असते, आणि चार दिवस समुद्रावर जाऊन मासे धरावे असा बेत निघतो. हा बेत कसा आंखावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. उदाहरणासाठीं मी ऑरेगन राज्यांतील ॲस्टोरिया हें गांव घेतों. १८११ सालीं स्थापन झालेलें हें गांव पोर्टलंडपासून सुमारें दीडशें किलोमीटरांवर, कोलंबिया नदीच्या मुखाशीं वसलेलें आहे.

बहुतेक कुटुंबांत आधीं रजा ठरते, मग मुक्कामाची जागा, आणि मासे मिळतील कीं नाहीं हा प्रश्न अगदीं शेवटीं येतो. माझें म्हणणें असें कीं, हा क्रम उलटा केला पाहिजे. प्रथम माशाचें वेळापत्रक पाहावें, नंतर कायद्याचें, नंतर भरती-ओहोटीचें. आणि रजेचा अर्ज सर्वांत शेवटीं लिहावा.

तिकडचा मुख्य मासा सामन. आपल्या बाजारांत रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु दोघांचें नातें केवळ नांवापुरतें आहे. पॅसिफिकमधील सामन नदींत जन्मतो, समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्यासाठीं बहुधा आपल्या जन्माच्याच प्रवाहाकडे परततो. तें कार्य झालें कीं तो मरतो. चिनूक आणि कोहो ह्या त्याच्या दोन जाती ऑगस्टच्या सुमारास कोलंबियाच्या मुखाशीं गोळा होतात. म्हणून मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभीं तेथें जाऊन त्यांची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं.

आतां कायदा. समुद्रांतील सामनचा हंगाम दर वर्षीं नव्यानें ठरतो. पॅसिफिक फिशरी मॅनेजमेंट कौन्सिल ही संस्था एप्रिलमध्यें त्याची शिफारस करते व सरकार ती मंजूर करतें. ठरलेला हिस्सा संपला, तर हंगाम मध्येंच बंद होतो. २०२३ व २०२४ ह्या दोन्ही वर्षीं कॅलिफोर्नियाच्या समुद्रांत सामनची मासेमारी पूर्ण बंद होती. हौशी लोकांनाहि सूट नव्हती. म्हणून एप्रिल उलटण्यापूर्वीं परत न मिळणारे पैसे कोठेंहि भरूं नयेत. ऑरेगनमध्यें बारा वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाहीं. मोठ्यांना लागतो, आणि पाहुण्यांसाठीं एक-दोन दिवसांचाहि मिळतो.

आणखी एक नियम मुलांना आधींच समजावून सांगावा. कृत्रिम पैदास केंद्रांत वाढविलेल्या पिलांच्या पाठीवरील, शेपटीनजीकचा लहानसा पर सोडण्यापूर्वीं कापून टाकितात. पुष्कळ ठिकाणीं असा पर कापलेला मासाच ठेवतां येतो. ज्याचा पर शाबूत आहे तो नदींत आपोआप जन्मलेला, म्हणून त्याला परत सोडावें लागतें. समुद्रांत सामनसाठीं वापरावयाचा गळहि उलट्या कांट्यावांचूनचा असावा लागतो, म्हणजे सोडलेला मासा जगण्याचा संभव वाढतो. हें सारें आपणांस परकें वाटूं नये. कोंकणांतील आपले कोळी बांधव पावसाळ्यांत होड्या वर ओढून ठेवीत आले आहेत, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच दर्यावर जाण्याची त्यांची रीत जुनी आहे.

तिसरी गोष्ट समुद्र. आणि येथें प्रश्न जिवाचा आहे. कोलंबियाच्या मुखाशीं वाळूचे उथळ दांडे आहेत. एवढ्या मोठ्या नदीचा प्रवाह व महासागराच्या लाटा ह्यांची तेथें समोरासमोर गांठ पडते. ओहोटी लागली कीं प्रवाहाचा वेग वाढतो, समोरून येणाऱ्या लाटा उंच व उभ्या होऊन फुटूं लागतात, आणि थोड्या वेळांत शांत मुखाचें रूप पालटतें. १७९२ पासून ह्या परिसरांत सुमारें दोन हजार लहानमोठीं जहाजें बुडालीं असें मानितात. ‘पॅसिफिकचें स्मशान’ हें नांव त्याला त्यामुळेंच पडलें आहे. शिवाय उन्हाळ्यांतहि पाणी फार थंड असतें. उत्तरेकडील वारे पृष्ठभागावरचें पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात व खालचें गार पाणी वर येतें. त्या पाण्यांत पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्याचेहि हातपाय थोड्याच वेळांत आंखडतात.

ह्यास्तव भाड्यानें लहान होडी घेऊन स्वतः मुखाबाहेर जाण्याचें साहस कोणीं करूं नये. परवानाधारक, माहितगार नाखवा असलेली नौका ठरवावी. तरंगते अंगरखे मुलांना बंदर सोडण्यापूर्वीं घालावे आणि मोठ्यांनींहि घालावे. नाखवा "आज नको" म्हणाला, तर "आम्ही फार लांबून आलों आहों" असें म्हणून त्याला गळ घालूं नये. किनाऱ्यावरसुद्धां समुद्राकडे पाठ करून उभें राहूं नये; एखादी मोठी लाट अवचित वरपर्यंत येते आणि वाळूंतले अजस्र ओंडकेहि उचलते.

ज्यांना नौकेची भीति वाटते, त्यांना टिलामुक खाडीवरील गारिबाल्डी हें बंदर सोयीचें आहे. तेथें धक्क्यावरून जाळीचा पिंजरा पाण्यांत सोडून डंजनेस जातीचे खेकडे धरितां येतात. ठेवावयाचा तो नरच असला पाहिजे, व त्याची पाठ निदान पावणेसहा इंच रुंद पाहिजे; मादी परत सोडावी. माणशीं दिवसाला बाराच. मोजपट्टी नातवाच्या हातीं द्यावी. तें काम मुलें मोठ्या निष्ठेनें करितात. शिंपले मात्र राज्याच्या शेतकीखात्याची त्या दिवसाची सूचना पाहिल्यावांचून गोळा करूं नयेत. त्यांत कधीं कधीं जें विष सांठतें, तें शिजवून जात नाहीं.

आणि ज्या घरीं मासे खात नाहींत, त्यांनीं काय करावें? पोर्टलंडच्या पूर्वेस बॉनव्हिल येथें नदीवर धरण आहे. त्यांत माशांना वर चढण्यासाठीं पाण्याच्या पायऱ्या केल्या आहेत, आणि कांचेच्या खिडकींतून ते जातांना दिसतात. त्याच नदीवर, आणखी वर, सेलिलो नांवाचा धबधबा होता. तेथील मूळ रहिवासी हजारों वर्षें त्यावर सामन धरीत. १९५७ सालीं एका नव्या धरणाच्या पाण्याखालीं तो बुडाला. खिडकीपुढें उभ्या असलेल्या मुलांना हेंहि सांगावें, म्हणजे परत सोडलेल्या एका माशाची किंमत त्यांना कळेल.

सारांश, निघण्यापूर्वीं सर्वांनीं एकत्र बसून तीन गोष्टी कागदावर लिहाव्या: किती मासे मिळाले म्हणजे पुरे, एकहि न मिळाल्यास तो दिवस कसा घालवावा, आणि कोणतें चिन्ह दिसतांच माघारी फिरावें. धक्क्यावर उत्साहाच्या भरांत हे निर्णय नीट होत नाहींत. ते घरींच व्हावयास हवेत. टोपली रिकामी आली तरी सारीं माणसें सुखरूप परत आलीं, तर पुढच्या ऑगस्टांत पुन्हां जातां येतें.