पाया गावाचा, पंप कुणाचाही



आपण मला या परिषदेचं अध्यक्षपद दिलंत. चाळीस वर्षं सांडपाण्याच्या पंपांजवळ काढलेल्या माणसाला व्यासपीठावर बसायची सवय नसते, म्हणून सरळ कामाचंच बोलतो.

परिषद म्हसवडला भरणार असं कळल्यावर काही जणांनी विचारलं, मैलापाण्याच्या पंपांची चर्चा दुष्काळी माणदेशात कशाला? मला मात्र यापेक्षा योग्य जागा सुचत नाही. या मुलखात पाणी आपणहून येत नाही, ते चढवून आणावं लागतं. टेंभू योजनेचं पाणी कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचललं जातं आणि टप्प्याटप्प्याने चढत आटपाडी-सांगोल्याच्या बाजूला येतं. जिहे-कठापूर योजना खटाव-माणसाठी उभी राहिली, तीही उपशाचीच. एवढी वीज खर्चून डोंगर चढवलेलं पाणी एकदा भांडी घासून गटारात गेलं, ओढ्याने माणगंगेत उतरलं आणि तिथे नुसतं सडलं, तर इथल्या माणसाच्या जिवाला ते लागतं. देवदिवाळीला सिद्धनाथाच्या रथाला जी माणसं इथे लोटतात, त्यांना या नदीच्या काठी स्वच्छ उभं राहता आलं पाहिजे, ही या गावाची साधी अपेक्षा आहे.

आणखी एक कारण वेळेचं आहे. स्वच्छ भारत अभियानाचा शहरी भागासाठीचा दुसरा टप्पा 2021 मध्ये सुरू झाला आणि त्यात एक लाखाच्या आतल्या शहरांच्या सांडपाण्याचा विचार आला. म्हणजे ज्या गावांनी आजवर मैलापाण्याचा एकही पंप घेतला नव्हता, ती आता पहिला पंप घेणार आहेत. मोठ्या शहरांची पंपहाऊस आधीच भरलेली आहेत, त्यांना जुनं निस्तरत बसावं लागतं. लहान गावांची पाटी कोरी आहे. म्हणून आज मी एकच गोष्ट सांगणार आहे: पंप घेण्याआधी प्रमाण ठरवा, आणि ते प्रमाण गावाच्या मालकीचं असू द्या.

प्रमाण ही कल्पना आपल्याला परकी नाही. मोट आठवा. नाडा, सोंदूर, कणा, चाक ही नावं विहिरीगणिक बदलत नव्हती. नाडा तुटला तर शेजारच्या विहिरीवरचा आणून पाणी धरता येई. मोट शिवणारा कारागीर गावातला, चाक करणारा सुतार गावातला. कुठल्या कंपनीची मोट, असा प्रश्नच नव्हता.

त्याहून मोठं उदाहरण हापशाचं आहे, आणि ते आपल्याच मातीतलं आहे. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यापासून माणदेशापर्यंत कूपनलिका खणल्या गेल्या. त्यांवर जे ओतीव लोखंडाचे हातपंप बसले, ते मुळात एका कुटुंबासाठी केलेले होते. इथे दिवसभर अख्खं गाव दांडा मारत होतं. त्या पंपांनी मान टाकली. 1974 च्या सुमाराला युनिसेफने देशभरातल्या पंपांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी बहुसंख्य, चारांतले तीनच्या आसपास, बंद निघाले. पाणी खाली होतं, भोक पाडलेलं होतं, खर्च झालेला होता, आणि बाई घागर घेऊन पुन्हा दोन कोस चालत होती.

उत्तरही इथेच तयार होत होतं. जालन्याला मिशनच्या पाणी-प्रकल्पात पोलादी हातपंप घडला होता. सोलापूरच्या वेल सर्व्हिसमध्ये ऑस्कर कार्लसन नावाच्या स्वीडिश माणसाने त्यात सुधारणा केली. दांड्याच्या टोकाला साखळी आली, सांध्यात बंदिस्त बेअरिंग आलं. सोलापूरच्या त्या पंपावरून पुढे इंडिया मार्क दोन उभा राहिला. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या चाचण्या झाल्या, 1979 मध्ये भारतीय मानक निघालं. माझ्या मते खरी शहाणपणाची गोष्ट पुढे आहे. त्या पंपाचं पेटंट कुणी घेतलं नाही. मापं जाहीर झाली. सिलिंडर साडेत्रेसष्ट मिलिमीटरचा, वर येणारा पाइप बत्तीसचा. कुठल्याही कारखान्याने करावा, तपासणीत उतरला तर विकावा. त्यामुळे एका जिल्ह्यातलं वायसर दुसऱ्या जिल्ह्यात बसू लागलं. हा पंप लाखोंच्या संख्येने देशभर बसला, आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत गेला.

त्याच्या पुढच्या आवृत्तीत, मार्क तीनमध्ये, वर येणारा पाइप रुंद केला. का? तर वायसर बदलायला सगळी पाइपलाइन उपसावी लागू नये, दट्ट्या वरच्या वर काढता यावा. दुरुस्ती करणाऱ्याचा विचार आराखड्यातच केला, हा त्यातला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा भाग आहे. हाच विचार आपल्या मैलापाण्याच्या विहिरीत यायला हवा होता. तो आला नाही, आणि त्याची किंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नदीकाठच्या एका गावात मी नोकरीला होतो. पंपहाऊसला चार पंप, तीन कंपन्यांचे. दर निविदेत जो स्वस्त तो आला, असं करत ते जमले होते. आषाढात एक पंप जळाला. दुसऱ्याचं सील गेलं, स्टोअरमध्ये सील होतं, पण तिसऱ्याच कंपनीचं. नवा पंप ट्रकने आला, तेव्हा कळलं की विहिरीच्या तळाशी जो लोखंडी पाय बसवलेला आहे, त्यावर हा बसतच नाही. फ्लँजची भोकं वेगळी, गाइड पाइपांमधलं अंतर वेगळं. म्हणजे कुणीतरी खाली उतरून जुना पाय खोलणं आलं. आमचा फिटर कमरेला दोर बांधून उतरला. मी वर उभा होतो, मी त्याला थांबवलं नाही. सात-आठ मिनिटांत त्याचा आवाज बंद झाला. चौघांनी दोर ओढून त्याला वर घेतलं, तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. तो वाचला. पुढे कित्येक वर्षं तो त्याच पंपहाऊसला काम करत होता, आणि त्याच्या डोळ्याला डोळा देताना मला जड जात असे.

विहिरीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. माणसाला वाटतं हवा बरी झाली. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. पण कायदा दारावर लावून भागत नाही. विहिरीत उतरण्याची गरजच उरणार नाही, अशी तिची रचना हवी. पंप साखळीने वर यावा, दुरुस्त होऊन साखळीनेच खाली जावा, स्वतःच्या वजनाने पायावर बसावा. अशी व्यवस्था बाजारात कधीची आहे. पण ती तेव्हाच कामाला येते, जेव्हा उद्याचा पंप कालच्या पायावर बसतो.

म्हणून माझ्या प्रमाणीकरणाची सुरुवात पंपापासून होत नाही, पायापासून होते. विहिरीतला पाय, फ्लँजची भोकं, गाइड पाइपांचं अंतर, साखळीची कडी, केबलची लांबी आणि तिच्या टोकाचा जोड, पॅनेलमधल्या तारांचे क्रमांक, पातळी मोजणाऱ्या फ्लोटची जागा: एवढं गावाने एकदा ठरवून नकाशावर सही करावी. ज्याला पंप विकायचा आहे, त्याने या पायावर बसणारा पंप आणावा. जोड लागत असेल तर तो त्याने करावा, कारखान्यात करावा, आपल्या विहिरीत नको. निविदेत कंपनीचं नाव लिहायची गरज पडत नाही, स्पर्धाही राहते.

यावर आक्षेप येतो की सरळ एकच कंपनी धरली तर काम सोपं. मला ते पटत नाही. एकाच कंपनीचे सगळे पंप घेतले आणि त्या घडणीत दोष निघाला, तर सगळं गाव एकाच आठवड्यात बंद पडेल. शिवाय सुट्या भागांचा दर मग तीच कंपनी ठरवते. एका पायावर दोन घराण्यांचे पंप चालवावेत. तीनच्या पुढे जाऊ नये. पाच पंपहाऊस आणि प्रत्येकी तीन पंप असं मध्यम गाव धरा. पंधरा पंप पाच कंपन्यांचे असतील, तर सील, बेअरिंग, इम्पेलर यांचे पाच वेगळे साठे लागतात आणि नेमका हवा तो भाग कधीच नसतो. तेच दोन घराण्यांत बसवले, तर स्टोअरमध्ये दोन अख्खे पंप तयार ठेवून निभावतं.

विजेचा हिशेबही मांडतो. पंधरा किलोवॉट घेणारा पंप दिवसाला सोळा तास चालला, तर वर्षाला 87,600 युनिट होतात. त्याची कार्यक्षमता साठ टक्क्यांवरून पन्नासवर आली, तर तेवढंच पाणी उपसायला आणखी 17,520 युनिट जातात. दरवर्षी. निविदेच्या दिवशी वाचवलेले पैसे या आकड्यापुढे किती टिकतात, ते ज्याने त्याने आपल्या बिलावर ताडून पाहावं. म्हणून स्वस्त पंप म्हणजे काय, याची व्याख्याही प्रमाणित करा: किंमत, अधिक आयुष्यभराची वीज.

पावसाच्या पाण्याचे पंप या हिशेबात तसेच्या तसे बसत नाहीत. मैलापाण्याच्या पंपाला रोज चिंध्या, प्लास्टिक, निर्माल्य गिळायचं असतं, थोडं आणि सतत. पावसाच्या पंपाला वर्षातले काही दिवस अफाट पाणी थोड्याच उंचीवर टाकायचं असतं. दोन्हींना एकच पंप लावणं चूक आहे. पण पॅनेल, फ्लोट, केबलचे जोड आणि धोक्याच्या दिव्यांचे रंग दोन्हींकडे सारखे ठेवता येतात, म्हणजे माणूस इकडून तिकडे गेला तरी अंधारात त्याचा हात चुकत नाही. आणि पावसाचा पंप बाकीच्या महिन्यांतही महिन्यातून एकदा फिरवा. न फिरवलेला पंप पहिल्या पावसात जाम होतो.

मुंबईने 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झेलला. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी उदंचन केंद्रं उभी राहिली. तिथे सेकंदाला सहा हजार लिटर उपसणारा पंप हे माप सगळीकडे धरलं गेलं. एवढ्या मोठ्या शहराला एक माप धरता येतं, तर आपल्याला का नाही?

आपल्या शेजारी सांगली आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये ती 57 फुटांच्या वर गेली. नदी चढली की नाले उलटे वाहतात, पाणी गटाराच्या तोंडाने घरात शिरतं. अशा वेळी शेजारची गावं पंप पाठवतात. तो पंप ट्रकवरून उतरवल्यावर त्याचा होज जोडला गेला पाहिजे. अमेरिकेत बाल्टिमोर शहराला 1904 च्या फेब्रुवारीत आग लागली. वॉशिंग्टनहून आगीचे बंब रेल्वेने काही तासांत पोचले, पण त्यांच्या होजचे आटे बाल्टिमोरच्या नळांना लागेनात. दीड हजारांवर इमारती जळाल्या. पाणी होतं, माणसं होती, बंब होते. आट्यांचं माप तेवढं वेगळं होतं.

सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांतल्या नगरपरिषदांनी एक पाय, एक जोड आणि एक पॅनेल ठरवावं, ही माझी मागणी आहे. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला 1910 मध्ये माळावर कारखाना उभा राहिला आणि तिथून पंप देशभर गेले. पंप घडवणारे हात या भागात आहेत, ओतकाम करणारे आहेत, रिवाइंडिंग करणारे तर प्रत्येक पेठेत आहेत. मापं आपण दिली की ते बाकीचं करतील.

मात्र मापं द्यायला आधी आपल्याकडे काय आहे ते माहीत हवं. दाराजवळच्या टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. आपल्या प्रत्येक पंपहाऊसमधला पंप कुठल्या घडणीचा, कोणत्या वर्षी बसवला, फ्लँजला भोकं किती आणि गाइड पाइपांत अंतर किती, एवढं तीत लिहायचं आहे. ज्यांना आज पाठ नसेल, त्यांनी पंपहाऊसला फोन लावून विचारावं. दुपारचं सत्र सुरू होण्याआधी ती वही भरलेली मला पाहायची आहे.