ग्रीन कार्डच्या रांगेतली आपली मुले

(मंडळाच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



आपल्यात हल्ली एक वाक्य फार ऐकू येते. "मुलगा अमेरिकेत आहे, पण आईच्या दहाव्यालासुद्धा आला नाही." बोलणारा पुढे काही म्हणत नाही, नुसती मान हलवतो, आणि त्या मान हलवण्यातच निकाल लागलेला असतो. आज मी त्या निकालाविरुद्ध अपील करायला उभा आहे. यातली बरीच मुले कायद्याने अशा जागी अडकलेली असतात, की तिथून निघणे सोपे, पण परत जाणे त्यांच्या हातात नसते.

आपण बडोद्याची जुनी मंडळी. आपल्यातल्या कित्येकांचे पूर्वज अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर गुजरातेत आले, दांडिया बाजारात घरे बांधली आणि इथलेच झाले. कायम राहण्यासाठी कुणाला अर्ज भरावा लागला नाही. त्यामुळे पंधरा वर्षे नोकरी केली, घर घेतले, कर भरला, तरी माणूस तात्पुरताच, हे आपल्या डोक्यात शिरत नाही. म्हणून आधी हिशेब सांगतो.

अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे ठरवून दिली. त्यात एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे ढोबळमानाने ९,८००. अर्जदाराची पत्नी आणि मुलेही याच आकड्यात मोजली जातात. इतर देशांच्या जागा शिल्लक राहिल्या तरच भारताला जास्त मिळतात. देश धरला जातो तो जन्माचा. बडोद्यात जन्मलेला मुलगा पुढे कॅनडाचा नागरिक झाला, तरी तो भारताच्याच रांगेत. २०२५ च्या उत्तरार्धात भारतात जन्मलेल्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत २०१३ सालच्या तारखांचे नंबर लागत होते. बारा वर्षांची रांग! आणि जो आज रांगेत उभा राहतो, त्याला शेवट कधी ते कोणी सांगू शकत नाही.

आता या रांगेतल्या माणसाने घरी यायचे म्हटले, तर काय होते? दोन टप्पे वेगळे समजून घ्या.

पहिला टप्पा म्हणजे कंपनीने केलेले पिटिशन मंजूर झाले, पण तारीख आलेली नाही. हा मुलगा एच-१बी वर काम करतो. त्याची मुदत एरवी सहा वर्षांची. २००० सालच्या कायद्यामुळे रांगेतल्यांना ती पुढे वाढवून मिळते. पण तिथे राहण्याची मुदत वेगळी आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का वेगळा. मुदत शिल्लक असेल आणि शिक्का संपला असेल, तर तिथे राहून काम करायला हरकत नाही. मात्र एकदा भारतात आला, की परत जाण्याआधी मुंबईच्या वकिलातीत नवा शिक्का घ्यावा लागतो. सगळे घोडे अडते ते इथे. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीशिवाय शिक्का मिळण्याची सोय बहुतेकांसाठी बंद झाली. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासणे सुरू झाले आणि अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती कित्येक महिने पुढे गेल्या. लग्नाला म्हणून आलेली माणसे इथेच अडकली. मुलांची शाळा तिथे, घराचे हप्ते तिथे आणि आईबाप बडोद्यात! त्याआधी १९ सप्टेंबर २०२५ रोजी एच-१बी च्या नव्या पिटिशनवर १ लाख डॉलरची घोषणा झाली. आधीच व्हिसा असलेल्यांना ती लागू नाही, असा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला, पण तोवर सुटीवर आलेल्या अनेकांनी विमानतळ गाठला होता.

याच टप्प्यात एक वाट मोकळी असते, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. ग्रीन कार्ड ही पुढच्या नोकरीसाठीची परवानगी आहे. त्यामुळे तारखेची वाट पाहताना मुलगा भारतात येऊन किंवा आणखी कुठे जाऊन काम करू लागला, म्हणून रांगेतली त्याची तारीख जात नाही. तारीख आल्यावर इथल्या वकिलातीत मुलाखत देऊन जाता येते. अट एवढीच, की तेव्हा नोकरी देणारी कंपनी पाठीशी हवी. आईवडिलांच्या आजारपणात दोन-तीन वर्षे इथे राहायचे असेल, तर हा विचार करण्यासारखा आहे.

दुसरा टप्पा म्हणजे तारीख आली आणि तिथेच राहून ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज भरला. त्या फॉर्मचा नंबर आय-४८५. यासोबत काम करण्याचा परवाना मागता येतो आणि प्रवासाचीही परवानगी मागता येते. तिला अ‍ॅडव्हान्स पॅरोल म्हणतात. हे नाव घरातल्या प्रत्येकाने पाठ करावे. एच-१बी किंवा एल-१ वर असलेल्याला, आणि त्याच्या एच-४, एल-२ कुटुंबाला, वैध व्हिसावर जाऊन येता येते. बाकी कोणी हा कागद हातात नसताना देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. बारा वर्षांचे उभे राहणे एका तिकिटात जाते. परवानगी मागितली आहे, येईलच, एवढ्यावरही निघता येत नाही. आणि ज्याने एच-१बी सोडून त्या नव्या परवान्यावर दुसरीकडे नोकरी धरली, त्याची एच-१बी ची सवलत गेली. त्याला हा कागद लागतोच. तातडीच्या प्रसंगी तिथल्या कार्यालयात पुरावा दाखवून लवकर मागता येतो, पण मिळेलच असे नाही. मिळाला तरी विमानतळावर आत घेण्याचा अंतिम अधिकार अधिकाऱ्याचा. अर्ज १८० दिवस पडून राहिला, की त्याच स्वरूपाच्या कामात कंपनी बदलता येते, हा त्यातला दिलासा.

या साऱ्यात मुले मोठी होत असतात. आईबापांबरोबर लहानपणी गेलेले मूल २१ वर्षांचे झाले, की आईबापांच्या अर्जातून बाहेर पडू शकते. २००२ च्या कायद्याने वयातून काही काळ वजा होतो, पण बारा वर्षांच्या रांगेला तो पुरत नाही.

मग यावर कुणी काही केले नाही का? केले. जुलै २००७ मध्ये अर्ज घेऊ म्हणून अमेरिकी सरकारने ऐनवेळी शब्द फिरवला, तेव्हा आपल्या लोकांनी 'लगे रहो मुन्नाभाई'तली गांधीगिरी केली. इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांकडे शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. त्यांनी ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पाठवली, आणि आठवडाभरात निर्णय मागे घेतला गेला. देशनिहाय मर्यादा काढण्याचे विधेयक २०१९ मध्ये तिथल्या प्रतिनिधीगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले. सिनेटने २०२० मध्ये आपला वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि कायदा झाला नाही.

तो कायदा अमेरिकेच्या संसदेचा आहे, बडोद्याच्या ठरावाने बदलणार नाही. पण आपल्या हातचे तीन गोष्टींचे ठराव मी मांडतो.

एक, आपल्या खासदारांमार्फत परराष्ट्र मंत्रालयाला निवेदन द्यावे. घरात मृत्यू किंवा गंभीर आजार असताना आलेल्यांना परतीच्या व्हिसाची मुलाखत लवकर मिळावी, हा मुद्दा अमेरिकेशी बोलताना घ्यावा.

दोन, ज्यांची मुले रांगेत आहेत, त्यांनी टप्पा कोणता, शिक्का कधी संपतो आणि अ‍ॅडव्हान्स पॅरोल घेतला आहे का, हे आजच विचारून लिहून ठेवावे. रुग्णालयाचे पत्र किंवा मृत्यूचा दाखला गुजरातीत असेल, तर इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. आणि नियम सारखे बदलतात, म्हणून तिकिटाआधी वकिलाला विचारल्याशिवाय मुलाने निघू नये.

तीन, मंडळाने दहा-बारा जणांची एक यादी करावी. ज्या घरचे मूल येऊ शकत नाही, तिथे रुग्णालयात रात्री बसायला, स्मशानात खांदा द्यायला आणि दहाव्याची तयारी करायला यादीतले लोक जातील. पहिले नाव माझे लिहा.

आणि कुणी पुन्हा म्हणाले, की मुलगा आला नाही, तर मान हलवण्याआधी एवढेच विचारा: त्याचा कागद कोणत्या टप्प्यावर आहे?