पित्तनलिकेतील औषधलेपित स्टेंट : किंमत आणि उपयुक्तता



पित्ताशय, पित्तनलिका किंवा स्वादुपिंड यांचा कर्करोग अनेकदा कावीळ झाल्यावरच लक्षात येतो. यकृतातील पित्त लहान आतड्यात नेणारी नळी गाठीमुळे बंद होते, अंगाला असह्य खाज सुटते आणि रक्तातील बिलिरुबिन उतरेपर्यंत केमोथेरपी बहुधा लांबणीवर पडते. भारतात पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण गंगेच्या खोऱ्यात व आसामात दक्षिणेपेक्षा पुष्कळ अधिक असून रुग्णांत स्त्रिया जास्त आढळतात. निदान होते तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. मग दुर्बिणीच्या साहाय्याने नळीत स्टेंट बसवून पित्ताला वाट करून देणे, हाच मुख्य उपाय उरतो.

प्लॅस्टिकचा स्टेंट स्वस्त असतो. मात्र साधारणतः तीन महिन्यांत तो गाळाने तुंबतो. आपोआप फुलणारा धातूचा स्टेंट बराच महाग, पण अधिक काळ खुला राहणारा. येथे केवळ वस्तूची किंमत पाहणे हा हिशेबातील ढोबळ दोष ठरतो. स्टेंट तुंबला की ताप येतो, जंतुसंसर्ग होतो, पुन्हा दुर्बीण घालावी लागते. बिहारमधील एखाद्या खेड्यातून मोठ्या शहरातील रुग्णालयापर्यंतचा प्रवास, सोबतच्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी आणि चुकलेली केमोथेरपी हे खर्च कोणत्याही बिलात दिसत नाहीत. म्हणून ‘कावीळमुक्त महिन्यामागे किती खर्च’ हेच योग्य माप होय. रुग्ण काही महिने जगण्याची शक्यता असेल, तर या मापाने धातूचा स्टेंट बहुधा सरस ठरतो.

औषधलेपित स्टेंट ही त्यापुढची पायरी. धातूच्या जाळीवरील आवरणात पॅक्लिटॅक्सेलसारखे कर्करोगविरोधी औषध मिसळले जाते. ते हळूहळू झिरपून गाठीला नळीत वाढू देणार नाही, अशी कल्पना. दक्षिण कोरियात यावर बरेच काम झाले. तथापि २०११ आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत स्टेंट खुला राहण्याचा काळ किंवा रुग्णाचे आयुष्य यांत साध्या आवरणयुक्त स्टेंटच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. याचे एक संभाव्य कारण समजण्याजोगे आहे : औषध पेशींची वाढ रोखू शकेल, परंतु पित्ताचा गाळ आणि आतड्यातून वर सरकणारे अन्नकण यांवर त्याची मात्रा चालत नाही.

हृदयाच्या स्टेंटची गोष्ट निराळी आहे. तेथे औषधलेपामुळे रक्तवाहिनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण घटते, हे सिद्ध झालेले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने साध्या धातूच्या हृदय-स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली, तेव्हा या दोहोंतील अंतराला वैद्यकीय आधार होता. हा आदेश हृदयाच्या स्टेंटपुरताच होता, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे. ‘स्टेंट’ या एका शब्दाखाली सारे काही ढकलले जाते.

पित्तनलिकेच्या औषधलेपाला असा आधार मिळेपर्यंत सार्वजनिक विमा योजनेने त्यासाठी जादा दर देणे समर्थनीय नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वार्षिक संरक्षण पाच लाख रुपयांचे ठरले. लेपावर खर्च झालेली रक्कम त्याच मर्यादेतून, म्हणजे त्याच रुग्णाच्या पुढील केमोथेरपीतून वजा होते.