शिसवी : एका विशेषणाचे श्रवण

कविता ऐकण्याची कला अनेकदा एखाद्या विशेषणापाशी थबकल्याने साधते, आणि ‘शिसवी’ हे मराठीतील तसे विशेषण आहे. शिसव हा सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारा वृक्ष असून त्याचे बाहेरचे लाकूड फिकट, तर आतला गाभा जांभळट काळा, टणक आणि गडद रेषांनी भरलेला असतो. त्या गाभ्यावरूनच कवींनी आणि कथेकऱ्यांनी सावळ्या, पिळदार देहाला ‘काळाशिसवी’ म्हटले.

या शब्दाचे मूळ संस्कृत ‘शिंशपा’ होय. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात रथाच्या संदर्भात खैरासोबत तिचा उल्लेख येतो आणि वाल्मीकींच्या सुंदरकांडात हनुमंताला सीतेचे दर्शन शिंशपेवरूनच घडते. प्राकृतात, म्हणजे संस्कृतनंतरच्या लोकभाषांत, दोन स्वरांमधील ‘प’चा ‘व’ झाला, जसा ‘दीप’चा ‘दिवा’. पुढे मराठीने इकाराआधीच्या ‘स’चा ‘श’ केला, पण अकाराआधीचा ‘स’ तसाच ठेवला, म्हणून ‘शिसव’मध्ये दोन्ही शेजारी नांदतात. उत्तरेकडील शिंशपा बहुधा तपकिरी लाकडाचा शीशम मानली जाते; सह्याद्रीत ते नाव अधिक काळ्या लाकडाच्या भावंडाला मिळाले. फारसीतून आलेला ‘आबनूस’ हा शब्द मात्र टेंभुर्णीच्या कुळातील काळ्याकुट्ट लाकडाचा असून तो मराठी कानाला परकाच राहिला.

‘शिसवी’चा अर्थ नुसता ‘काळा’ असा सांगणे हे या शब्दावर अन्याय करणारे आहे. ‘काळोख’ आणि ‘काजळ’ यांतील ‘क’ कानावर आदळतो, तर ‘शिसवी’तील श, स आणि व हे वर्ण घासून गुळगुळीत केलेल्या लाकडावरून हात फिरावा तसे सरकतात, कठीण वस्तूला इतके मऊ नाव लाभणे हेच या शब्दाचे काव्य आहे. त्यात रंगाबरोबर वजन, टिकाऊपणा आणि वापराने चढलेली झळाळीही ऐकू येते.

वेळणेश्वरसारख्या कोकणातील गावांत जुन्या घरांच्या शिसवी झोपाळ्यावर, पाटावर किंवा देव्हाऱ्यावर ज्यांचे हात फिरले, त्यांना हे विशेषण समजावून सांगावे लागत नसे. आता घरांतून ते लाकूड दुर्मीळ होत असून 2017 पासून शिसवाच्या साऱ्या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही नियंत्रणाखाली आला आहे. त्यामुळे स्पर्शाने कळणारा अर्थ यापुढे कानांनीच जपावा लागेल. म्हणून कीर्तनात, ओवीत वा कथेत ‘शिसवी’ कानी पडताच श्रोत्यांनी पुढच्या शब्दाकडे धावण्याची घाई करू नये, आणि वाचणाऱ्यानेही तो शब्द सावकाश, त्याच्या तिन्ही अक्षरांना न्याय देऊन उच्चारावा.